कोपऱ्यातलं मेण

एकदा एका फौंड्रीत एक वृद्ध ड्रॉइंगवाला होता. लोखंडाचा रस ओतून जी चाकं, जे सांगाडे घडतात, त्यांचं चित्र आधी मापासकट कागदावर काढावं लागतं. ते तो काढी. तीस वर्षं माडीवरच्या खोलीत बसून त्यानं रेघा मारल्या. रेघ अशी, की शेजारी केस ठेवला तर केस जाड वाटावा. आणि तीस वर्षांत त्याच्या ड्रॉइंगवरून ओतलेलं एकही चाक फुटलं नव्हतं. एवढी कीर्ती माणसाला पचत नाही, त्यालाही पचली नव्हती. लोक त्याला अण्णा म्हणत, तो लोकांना गाढव म्हणे.

त्याच्या हाताखाली चार वर्षांपासून एक शिष्य होता. बायकोपोरांचा धनी, गरजू, आणि गुरूच्या शब्दापुढे न जाणारा.

ड्रॉइंगवरून लोखंड थेट होत नाही. आधी सुतार लाकडाचं हुबेहूब चाक करतो. त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबतात, काढून घेतात, आणि मागं राहिलेल्या पोकळीत रस ओततात. फौंड्रीचे सगळे पॅटर्न तातोबा सुतारानं केलेले. तातोबा आदल्या वर्षी वारला होता. त्यानं केलेल्या मोठ्या चाकाच्या पॅटर्नला वाळवी लागली, तेव्हा मालकानं विचारलं, "अण्णा, हा जपून ठेवू का?"

"लाकूड कशाला जपायचं? ड्रॉइंग आहे ना! जाळा."

जाळला. त्यावर लोकांनी चहा उकळला.

मग शिष्यानं गुरूचं जुनं ड्रॉइंग नव्या कागदावर उतरवलं. केसाचाही फरक केला नाही. शहरात यंत्रावर पॅटर्न कापून देतात, तिथून नवा पॅटर्न आला. पहिलं चाक ओतलं, फुटलं. दुसरं ओतलं, तेही फुटलं. दोन्ही एकाच ठिकाणी, आरा जिथं कड्याला मिळतो त्या कोपऱ्यात.

मालक शिष्याला म्हणाला, "तिसरं फुटलं, तर उद्यापासून डबा घेऊन येऊ नकोस."

तिसऱ्या चाकाची वाळू फोडली. कोणीतरी चाकावर हातोडी वाजवली. घंटेसारखं वाजायला हवं होतं, ते फुटक्या घागरीसारखं वाजलं.

कठडा धरत अण्णा खाली आले. कित्येक वर्षांत ते ओतकामापाशी फिरकले नव्हते. शिष्यानं ड्रॉइंग पुढं केलं. अण्णांनी त्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वाकून त्यांनी फुटलेल्या कोपऱ्यात बोट घातलं, आणि बराच वेळ बोट तिथंच ठेवलं. मग म्हणाले, "चपला घाल. चल."

शिष्याला वाटलं, मालकाकडं चाललो. पण अण्णा फौंड्रीमागच्या गल्लीत शिरले आणि तातोबाच्या दारात उभे राहिले. त्याची विधवा आनसाबाई ज्वारी पाखडत होती.

"वहिनी, घरात मेण आहे का?"

सूप थांबलं. "तीस वर्सांत आज वाट घावली व्हय भावजी? मेण कशाला पायजे?"

"तातोबा मेण कुठं लावायचा?"

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "समद्या गल्लीला ठावं हाय, तुमालाच न्हाई? बाजारातनं मेण आणलं की म्हणायचे, 'आनसे, आज अण्णाचा कोपरा भराया पायजे!' पोरंबाळंबी हसायची."

अण्णा हसले नाहीत. "किती भरायचा?"

"त्ये मी काय सांगू? अंगठ्यानं दाबायचे आन् बास म्हणायचे."

"माप काय असेल?"

"अंगठा त्यांचा. त्यो त्यांच्यासंगं जळाला."

तिनं कोनाडा चाचपून मेणाचा एक सुकलेला गोळा काढला, पदरानं पुसला आणि अण्णांच्या हातावर ठेवला. अण्णा उंबऱ्यावरच खाली बसले आणि शिष्याला म्हणाले,

"माझ्या ड्रॉइंगात तो कोपरा काटकोनात आहे. दिसायला सुरेख. पण रस थंड होताना आकसतो, चहूकडून ओढ बसते, आणि सगळी ओढ टोकदार कोपऱ्यात येऊन साठते. तिथं गोलाई लागते. तातोबाला ते कळत होतं. पहिल्याच वर्षी तो माडी चढून सांगायला आला होता, कोपऱ्यात मेण भरून गोल करू या म्हणून. मी म्हणालो, 'सुतारा, तू लाकूड तास. रेघा मी मारतो.' तो मुकाट खाली गेला. पुन्हा कधी वर आला नाही. पॅटर्न करताना माझ्या प्रत्येक कोपऱ्यात मेण भरत राहिला. चाकं टिकली आणि मला वाटलं, माझी विद्या टिकली. माझी चूक कधी फुटलीच नाही रे, मग मला दिसणार कशी? तीच मी तुला विद्या म्हणून शिकवली. तू ती बिनचूक उतरवलीस. तुझा अपराध एवढाच."

शिष्याला क्षणभर हलकं वाटलं. "मग हे मालकांना सांगू या, अण्णा! कोपरा गोल करू, चौथं ओतू."

दोघं गेले. अण्णांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मालकानं ऐकून घेतलं.

"अण्णा, तुमचं मन मोठं. पण तीस वर्षांत तुमचं एक तरी चाक फुटलं होतं?"

"नाही. म्हणून तर..."

"याची तीन फुटली. मग चूक कुणाची?"

"माझी! तातोबा होता म्हणून..."

"तातोबा? ज्याला सही येत नव्हती तो तुमच्या चुका काढणार? बास करा. हा तुमचा लाडका आहे, कळतं मला." मग कारकुनाकडं वळून तो हळूच म्हणाला, "वय झालं. हळवे झालेत."

अण्णा ओरडले, टेबलावर मूठ आपटली, स्वतःलाही गाढव म्हणाले. तीस वर्षांची कीर्ती आड आली. ती त्यांची नव्हती, पण मोडता मोडेना. चाकाचं काम दुसऱ्या गावी गेलं, आणि शिष्याला संध्याकाळपर्यंत सामान आवरायला सांगितलं.

शिष्यानं डबा घेतला, पट्टी आणि काटकोन मापायचा गुण्या पिशवीत घातला. गुरूला सुनवायचं एक वाक्य त्यानं जिना उतरताना मनात घोळवून ठेवलं होतं. चार वर्षांचा राग त्यात होता.

अंगणात फुटकं चाक पडलं होतं. अण्णा त्याच्यापाशी मातीत बसून फुटलेल्या कोपऱ्यात अंगठ्यानं मेण दाबत होते. लोखंड अजून कोमट होतं. मेण बसत नव्हतं, मऊ पडून निसटत होतं. ते पुन्हा गोळा करून पुन्हा दाबत होते.

"अण्णा, त्याचा आता काय उपयोग?"

"काही नाही."

"मग?"

"किती लागत होतं, ते बघतोय."

शिष्य ते वाक्य बोलला नाही. डबा खाली ठेवून तो त्यांच्याशेजारी बसला, आणि निसटलेलं मेण उचलून त्यांच्या हातात देत राहिला.

ज्याचं काम वर्षानुवर्षं बिघडलेलं नाही, त्यानं एकदा माडी उतरून मेण कोण भरतंय ते बघून यावं, आणि तो माणूस जिवंत आहे तोवर यावं.