धुरपीची जागा

एक होता राजा. पण ही गोष्ट राजाची नाही, बरं का. त्याच्या नगराच्या वेशीपाशी येसू नावाची बुरडीण राहायची, तिची आहे.

येसू बांबूची सुपं विणायची, टोपल्या विणायची. समोर बसायची तिची लेक, धुरपी. सात वर्षांची. एक कामटी आईनं घालायची, एक लेकीनं. विणता विणता धुरपी गुणगुणायची. गाणं-बिणं नाही हो, नुसतं हूं हूं हूं.

मग एका साली तापाची साथ आली नि धुरपीला घेऊन गेली.

येसू पुन्हा विणायला बसली. आपली कामटी घालायची नि थांबायची. पुढची कुणी घालायची? ती तर लेकीची. म्हणून ती जागा तशीच सोडायची नि पुढं जायची. सगळ्या टोपल्या भोकाभोकांच्या. बाजारात बाया म्हणायच्या, "येसे, ही टोपली दाणे भरायला का गाळायला?" येसू टोपल्या उचलायची नि घरी यायची. चूल कधी पेटायची, कधी नाही.

तिकडं काय झालं, राजाला मुलगा झाला. पण बाळ काही केल्या झोपेना. सोनारानं चांदीचा पाळणा केला. बाळ रडलं. सुतारानं चंदनाचा केला. बाळ रडलं. रडून रडून आवाज बसला, दूध सुटलं. वैद्य म्हणाला, "आता झोपलं नाही तर हाती लागत नाही." कुणी म्हणालं, बांबूचा करून बघा. म्हणून येसूला बोलावणं गेलं.

प्रधानानं बजावलं, "बाई, एक फट दिसता कामा नये. राजाचं बाळ आहे."

मग येसूनं लेकीच्या कामट्या पहिल्यांदा आपल्या हातानं घातल्या. दर कामटीला तिला वाटायचं, पोरीला जागेवरून उठवतेय मी. पाळणा झाला. पाण्याचा थेंब गळणार नाही असा घट्ट. बाळाला आत घातलं.

बाळ रडलं.

राणी तिथंच जमिनीवर बसली. म्हणाली, "बाई, तुला लेकरू आहे का गं?"

"होतं, राणीसाहेब."

मग येसूनं काय केलं, ऐका. तिनं लेकीच्या जागेची एकेक कामटी ओढून काढायला सुरुवात केली. प्रधान धावला, "अगं, मोडतेस काय?" राणी म्हणाली, "मोडू दे तिला." येसूनं सगळ्या काढल्या. तेवढ्यात खिडकीतून दुपारचा वारा आला, त्या फटींमधून गेला, आणि पाळणा गुणगुणायला लागला. हूं हूं हूं.

बाळानं एक हुंदका दिला, एक जांभई दिली, नि झोपलं.

येसूनं आवाज ओळखला. तिनं घाईघाईनं पाळण्यात हात घालून चाचपलं. राजाचं बाळ होतं. दुसरं कुणी नव्हतं.

राजा हळूच म्हणाला, "या फटींत तू घातलंस तरी काय?"

"काही नाही, महाराज. तिथं माझी पोर बसायची."

मग काय, घराघरातून येसूकडे पाळणे सांगायला बाया आल्या. ज्या टोपल्यांना हसायच्या, त्याच. येसूनं सगळ्यांना विणून दिले, तसेच, जागा सोडून. दुपारी वारा सुटला की ती गल्लीतून निघायची. या दारात थांबायची, त्या दारात थांबायची. कुणी विचारलं, "येसे, उन्हाची इथं का गं उभी?" तर म्हणायची, "जाते हो. वारा पडला की जाते."

बाळ मोठं झालं. राजाराणीचं बरं चाललं. येसूच्या घरी रोज चूल पेटू लागली, बाजारात ती हसूही लागली. धुरपी काही परत आली नाही, बाळांनो. पण नगरातलं एकही लेकरू मग रडून जागं राहिलं नाही. तुम्हीही राहू नका. घ्या पांघरूण, मिटा डोळे.