वारुळाचा वास

मला सांगायला लावू नका म्हटलं होतं. बोलणाऱ्यांची इथं कमी नाही. पण त्या दिवशी दारावर मी होतो, म्हणून सगळे माझ्याच मागं लागतात. घ्या तर.

आमच्या वारुळाला दार एकच आणि दाराला नियमही एकच: ज्याच्या अंगाला वारुळाचा वास, तो आत. वास मिशा लावून ओळखायचा, हे माझं काम. वास लागतो कसा? आत राहून. दुसरा मार्ग नाही.

एका उन्हाळ्यात पलीकडचं वारूळ नांगराखाली गेलं. तिथली येसाबाई मुंगी पाच अंडी वाचवून आमच्या दाराशी आली. सोबत सात जणी.

मी मिशा लावल्या. "हा कुठला वास?"

"नांगरटीचा, दादा. दुसरा उरला नाही."

"मग आत घेता येत नाही. वारुळाचा वास पाहिजे."

"तो कुठं मिळतो?"

"आत."

तिनं जरा विचार केला. "मग पहिली मुंगी आत कशी गेली?"

असले प्रश्न दारावर विचारायचे नसतात, असं मी सुनावलं. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना.

खबर स्वागत समितीच्या अध्यक्षांकडं गेली, गुणाजीराव डोंगळ्यांकडं. आपलं वारूळ पाहुणचारासाठी नावाजलं जावं, ही त्यांची फार हौस. त्यांनी दाराबाहेर गवताच्या काड्यांची कमान उभारली. दाराचं कुणी काही बोललं नाही. येसाबाईनं कमानीच्या सावलीत अंडी ठेवली. दिवस चढत होता, सावली आखडत होती. ऊन लागलं की अंडं सुकतं, हे आमच्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

समिती बाहेर आली. भाषण झालं, मग गळाभेटी. गुणाजीरावांनी एकेकीला असं कवटाळलं, की बघणाऱ्याला गहिवरून यावं. मग मंडळी परत दाराशी आली, पुढं गुणाजीराव. मी त्यांना मिशा लावल्या.

"वास आपला नाही."

"थेरड्या, मी आहे मी! मिशा सडल्या का तुझ्या?"

"तुम्ही असाल. वास नांगरटीचा येतोय."

समितीतले सगळेच तसे. घरचं कोण, बाहेरचं कोण, काही कळेना. मी कुणालाच सोडलं नाही.

"अरे, मग वास लावायचा कुठून?"

"आत राहून," मी म्हटलं.

येसाबाई म्हणाली, "इकडं या, राव. तसूभर सावली आहे अजून." अंडी ओढून घेऊन तिनं जागा केली.

तिथं बसल्यावर गुणाजीरावांना दिसलं, कडेच्या अंड्यावर ऊन आलं होतं. ते उठले, अंडं तोंडात धरलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मागं येसाबाई, तिच्यामागं सगळे, कुणाच्या ना कुणाच्या तोंडात अंडं.

मी अंड्याला मिशा लावल्या. त्याला अजून कुठलाच वास नव्हता.

मी बाजूला झालो.

तोंडात अंडं होतं, तेव्हा बोलता आलं नसेल, कबूल. पण ते आत नेऊन ठेवल्याला दोन पावसाळे झाले. त्या 'थेरड्या'ची माफी अजून यायची आहे, गुणाजीराव डोंगळ्यांची.