घोडीवर मावेल तेवढे

एका गावाच्या वेशीबाहेर एका व्यापाऱ्याने मोठी वखार बांधली. वर्षाची वर्गणी भरणाऱ्याला तो पितळी बिल्ला देई. बिल्लेवाल्याला ज्वारी अर्ध्या दराने मिळे. मात्र घ्यायची तर पोतेभर, त्याहून कमी नाही.

त्या वाटेने दरवर्षी धुळाबा धनगर मेंढ्या घेऊन जाई. त्याच्याजवळ एक काळा एडका होता. सारा कळप त्याच्यामागे चाले. व्यापाऱ्याची नजर त्या एडक्यावर गेली.

"धुळाबा, गावात ज्याच्या त्याच्या छातीवर बिल्ला आहे," तो म्हणाला. "वर्गणीपोटी हा एडका दे. ऐपत नसेल, तर तसं सांग."

धुळाबाला ते लागले. त्याने एडक्याच्या गळ्यात दोर घातला.

त्याची बायको ठकू घोडीवर बिऱ्हाड लादत होती. ती म्हणाली, "धनी, एडका देण्याआधी एक पोतं घोडीवर चढवून बघा."

धुळाबाने वखारीतले एक पोते उचलले, पण घोडीवर ते चढवायला जागा नव्हती. घोडीवरची चार दिवसांची कोकरे खाली उतरवावी लागली, तेव्हा पोते बसले. त्यांना कळपाबरोबर चालणे जमणारे नव्हते. कोकरे ओरडू लागली.

"आता बोला. पोतं न्यायचं, का कोकरं?" ठकूने विचारले.

व्यापारी हसला. "मग राहा की इथंच. पोतं संपलं की जा."

"आणि तोवर मेंढ्यांनी खायचं काय, तुमचा बिल्ला?" ठकू म्हणाली. "समोरच्या खानावळीत रोज पन्नास माणूस जेवतं. तिथं द्या बिल्ला, उपयोगी पडेल. आमच्यात खाणारी तोंडं दोन."

धुळाबाने दोर काढला. पोते उतरवून व्यापाऱ्याच्या पायाशी ठेवले. पागोटे नीट केले.

"शेठ, ज्याच्या रानात माझ्या मेंढ्या रात्री बसतात, त्याच्या जमिनीला खत मिळतं. सकाळी तो मला धान्य मोजून देतो. माझी वखार चार पायांवर चालते. हा एडका तिच्या पुढं असतो. तो मी देणार नाही."

कोकरे पुन्हा घोडीवर चढवली. एडका पुढे झाला. कळप निघाला. धुळाबाने मागे वळून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी एका शेतकऱ्याने ठकूच्या पदरात ज्वारी ओतली. ती दोघांना पुरली. घोडीला जड झाली नाही.

तात्पर्य: स्वस्त काय, ते विकणाऱ्याच्या दरावर ठरत नाही, आपल्याला लागते किती, यावर ठरते. टोमणा ऐकून सौदा करणाऱ्याला हे कळत नाही.