रांगती सावली

एका राज्यात शहाणपणाचा सुकाळ होता, म्हणूनच तर सगळा घोटाळा झाला. तिथली रीत अशी, की गादीच्या वारसाच्या कानी परक्याचा उष्टा विचार पडू नये. राजा प्रतापधवलाने ती इमानाने पाळली आणि आपली एकुलती लेक इंदुलेखा स्फटिकमहालात एकटी वाढवली. तिची आत्या सुमेधा, तिला तेवढी आत जायची मुभा, तीही जेवण-आंघोळीपुरतं बोलायची.

लेक रांगती असताना राजाने एका मांत्रिकाला महालाच्या उंबऱ्यावरच अडवलं, तेव्हा त्याने शाप दिला: मुलगी वाढेल, सावली रांगत राहील; आणि रांगत्या सावलीचा वारस बसला, तर गादी त्याला गिळेल. तसंच झालं. इंदुलेखा बारा वर्षांची झाली, सावली रांगतच होती. तिला गादीवर बसवायची पौर्णिमा तोंडावर आली.

आत्याने देवराईतल्या बोलत्या भारद्वाजाला उपाय विचारला. पक्षी म्हणाला, "तिला कुणी खेळात हरवावं, तिच्याशी कुणी भांडावं, आणि रुसलेल्याची समजूत तिने काढावी."

उपाय सरळ होता. पण सरळ ऐकेल तो राजा कसला! हरवायला त्याने मंत्राने चालणारी लाकडी बाहुली आणली. भांडायला प्रतिध्वनीची विहीर खणवली. समजूत काढायला लेकीपुढे आरसा ठेवला. सावली तसूभर हलली नाही. सांगून सांगून आत्याच्या तोंडाला फेस आला, आणि इकडे सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"अक्का, परका विचार आत शिरला तर?" राजाने विचारलं.

"आत आपला तरी एखादा आहे का, ते आधी पाहा," आत्या म्हणाली. वैतागाने तिने महालाचं दार सताड उघडलं आणि कुंभाराच्या ठकीला हाताला धरून आत आणलं.

पोरी सागरगोटे खेळल्या. इंदुलेखा हरली, आणि सावली उठून बसली. गोटे माझे म्हणून डावही माझा, असं तिने ठणकावलं. ठकीने तिला रडीची म्हटलं. दोघींची अशी जुंपली की सावली भिंत धरून उभी राहिली. मग ठकी गोटे फेकून, फुरंगटून निघाली.

बला टळली म्हणून राजा खूश. इकडे सावली लटपटू लागली, आत्याचा जीव टांगणीला लागला.

इंदुलेखा उंबऱ्यापर्यंत धावली. जन्मात तिने कुणाला काही विचारलं नव्हतं.

"ठके, तुला काय वाटलं?"

सावली ताठ झाली आणि तिच्याआधी उंबरा ओलांडून गेली.

पौर्णिमेला गादीने इंदुलेखेला निमूट बसू दिलं. शाप सरला, रीत मोडली, महालाचं दार उघडंच राहिलं. राजा मात्र दरबारात सांगत सुटला, की लेकीला हे कुणी शिकवलं नाही, तिचं तिलाच सुचलं. आत्याने कपाळावर हात मारून घेतला.