शेवट कापलेला लेख

तनुजा खैरमोडेने तीन महिने धरणापलीकडच्या वाड्यांवर काढले आणि होडीतून रुग्णांपर्यंत पोचणाऱ्या सुमन नर्सबाईंवर सहा हजार शब्दांचा लेख लिहिला. पुण्यातल्या बातम्यांच्या पोर्टलचे संपादक घारपुरे यांनी तो न वाचताच सगळ्यांसमोर सुनावलं, "मोबाइलवर शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. कापून आण."

"बरं सर," म्हणून तनुजाने तासाभरात लेख परत पाठवला.

दुपारी घारपुरे स्वतःच तिच्या टेबलापाशी आले. "अगं, कळा सुरू झालेली बाई होडीत, होडी भर पाण्यात बंद पडलेली, आणि तिथेच लेख संपतो? पुढे काय झालं तिचं?"

"सर, शेवटपर्यंत कोणी वाचत नाही म्हणालात. म्हणून मी फक्त शेवट कापला."

सगळ्या ऑफिसातली टकटक थांबली. घारपुरे खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "दाखव उरलेला."

लेख एकही शब्द न कापता पोर्टलवर आला. आठवड्याने सुमनबाईंचा फोन आला. "तनुजाताई, तुमचा लेख होडीत एक जण मोबाइलवरून मोठ्यानं वाचत होता. काठ आला, तरी कोणी उतरायला तयार नव्हतं."

फोन ठेवल्यावर तनुजा बराच वेळ ताठ मानेने बसून होती.