कमानीखालचे सूप

पांगरगावच्या नगरभवनात शिरायचे तर काळ्या दगडाच्या मोठ्या कमानीखालून जावे लागते. कमानीखाली उजव्या हाताला एक बुटका ओटा आहे आणि ओट्यावरच्या खुंटीला एक सूप टांगलेले असते. साधे, बांबूचे, घरोघरी असते तसले. बाहेरच्या माणसाला वाटते, झाडलोट करणारी बाई विसरून गेली असेल. गावातली जुनी माणसे अशा पाहुण्याला आधी त्या ओट्यावर बसवतात, वर कमानीकडे बघायला लावतात आणि मगच बोलायला लागतात. वर बघितल्याशिवाय ही गोष्ट समजत नाही, असे सांगतात.

गोऱ्या साहेबाच्या अंमलात गावाला नगरपालिका मिळाली, आणि तिच्यामागोमाग मिरवायची हौसही आली. पहिले अध्यक्ष भुजंगराव सरंजामे. माणूस वाईट नव्हता. चार लोकांत 'नाही' म्हणणे त्यांच्या जिवावर येई, एवढेच. हा दोष घरात खपून जातो. अध्यक्षाच्या अंगी असला की गावाला भोगावा लागतो.

कमान रचताना खाली लाकडी आधार उभा करतात, त्याला कालबूत म्हणतात. चुना धरला की कालबुताच्या पाचरी ठोकून काढायच्या. मग कमान आपल्या बळावर उभी राहते. नगरभवनाची कमान हैबती गवंड्याने रचली आणि चुना ओला आहे, जरा थांबा, असे त्याने सांगितले. पण सभासदांनी अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त धरला होता. सभा भरली. चुना वाळला आहे, असा ठराव आला आणि सगळ्यांचे हात वर गेले. चुन्याला काही ठराव कळत नाही. कालबूत निघाले आणि दुपारच्या आत कमान जमिनीवर आली. पावसाळ्यात ती पुन्हा रचली, दसऱ्याचा मुहूर्त धरला, पुन्हा हात वर गेले. त्या वेळी चुना मळायच्या घाण्याला जुंपलेला बैल दगडांखाली सापडला.

एव्हाना गावाने शहाणे व्हायला हवे होते. पण मुहूर्ताचा दोष म्हणावा तर तो काढणाऱ्यांवर येतो. त्यापेक्षा जागेचा दोष बरा. देवऋषी बोलावला. तो म्हणाला म्हणे, जागा बळी मागते, बैलावर भागायचे नाही, कोवळा जीव हवा. ते ऐकताच चुना मळणाऱ्या बायकांनी आपली लेकरे आजोळी धाडली. वाळूच्या ढिगावर कुणी पोर खेळेनासे झाले. खुद्द हैबतीसुद्धा आता कामाला लागण्याआधी त्या जागेला हात जोडू लागला. भीती एकदा गावात शिरली की शहाण्यालाही सोडत नाही.

फाल्गुनात कमान तिसऱ्यांदा रचली. तिसरा मुहूर्त पाडव्याचा होता आणि त्या दिवशी कलेक्टर साहेब यायचा होता. आदल्या संध्याकाळी सभासद भुजंगरावांच्या सदरेवर जमले. आवाज खाली आणून त्यांनी बेत सांगितला. हैबतीची नात तानू, आईविना वाढलेली पोर, रोज आजाची भाकरी घेऊन कामावर यायची. पाचरी काढताना तिला आरतीचे ताट देऊन कमानीखाली उभी करायची. कमान राहिली तर पोर राहिली. नाही राहिली तर जागा शांत झाली. बळी हा शब्द कुणी उच्चारलासुद्धा नाही.

"तुम्ही काही करायचं नाही, रावसाहेब," एक वयस्कर सभासद म्हणाला. "फक्त त्या वेळी साहेबाशी बोलत राहा. तिकडे बघू नका."

'नाही' हा शब्द भुजंगरावांच्या अगदी ओठांपर्यंत आला होता. समोर सगळे प्रतिष्ठित लोक, त्यांचे डोळे आपल्यावर लागलेले; त्यांनी तो शब्द गिळला आणि विडा लावायला घेतला. सभासदांनी त्यालाच होकार समजून पाने खाल्ली आणि निरोप घेतला. आतल्या दारामागे भुजंगरावांची आई चिमाबाई सणाचे तांदूळ पाखडत बसली होती. मघापासून सुपाचा आवाज बंद होता, हे भुजंगरावांच्या फार उशिरा लक्षात आले.

पाडव्याच्या सकाळी सगळा गाव लोटला. घरोघरी गुढ्या, दारात चौघडा, साहेबासाठी उंच खुर्ची. तानूला नवे परकर-पोलके घातले होते. एवढा मान आपल्याला का मिळतोय हे तिला कळत नव्हते, पण ती हरखून गेली होती. ताट सांडू नये म्हणून जपून पावले टाकत ती कमानीखाली जाऊन उभी राहिली. घण घेऊन पाचरीपाशी थांबलेल्या हैबतीने तिला पाहिले. त्याला कुणी काही सांगितले नव्हते. आता सांगायची गरज उरली नाही. त्याने घण खाली टेकवला.

"ठोक," मागून कुणी तरी म्हणाले.

भुजंगराव साहेबाला पाऊसपाण्याची हकिकत सांगत होते. मान त्यांनी मुद्दाम वळवली नव्हती. घणाच्या आवाजाकडे त्यांचे कान लागले होते आणि आवाज येत नव्हता. मग चौघडाही थांबला. न राहवून त्यांनी वळून बघितले.

पुरुषांच्या बैठकीत कधी पाऊल न टाकलेली चिमाबाई कमरेवर सूप घेऊन गर्दीतून चालत होती. लोक आपोआप बाजूला झाले. तिने तानूच्या हातातले ताट काढून घेतले, तिच्या गालावरून हात फिरवला आणि जा, आजाजवळ जा, म्हणून तिला धाडले. मग बरोबर कमानीच्या मध्याखाली ती बसली आणि सुपातल्या तांदळातले खडे वेचू लागली.

"भुजंगा," ती म्हणाली, "बळी पाहिजे ना? मग मागणाऱ्याच्या घरचा द्यावा. सांग त्याला ठोकायला."

हैबतीने अध्यक्षांकडे पाहिले. "मालक, ठोकू का?" त्याने विचारले. नोकराने विचारावे तसेच विचारले होते, पण त्या प्रश्नाने भुजंगराव कोंडीत सापडले. एक हो म्हटले तर आई जाणार. नाही म्हटले तर सगळ्या गावादेखत, साहेबादेखत अब्रू जाणार.

"नको," ते पुटपुटले.

"मोठ्यानं," चिमाबाई खडे वेचता वेचता म्हणाली. "काल घरात गिळलंस ते, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"नको," भुजंगराव ओरडले आणि लहान पोरासारखे रडू लागले.

दुभाष्याने साहेबाला काय सांगितले कोण जाणे. असा काही तरी सण असतो, असेच सांगितले असावे. साहेब टोपी घालून निघून गेला.

चिमाबाई दुसऱ्या दिवशीही सूप घेऊन आली, आणि नंतर रोज येत राहिली. तुम्ही मुहूर्त काढायचे थांबेपर्यंत मी बसणार, म्हणायची. अध्यक्षांची आई खाली बसलेली असताना पाचरीला हात कोण लावणार? चैत्र गेला, वैशाखाचे ऊन दगडांत मुरले आणि चुना आतपर्यंत वाळत गेला. तिला चुन्यातले काही कळत होते का? मुळीच नाही. चुना वाळला तो कुणी म्हणतात तिच्या सत्त्वाने, कुणी म्हणतात उन्हाने. गावात दोन्ही मते आहेत आणि त्यावरून अजून भांडणे होतात.

पावसाच्या तोंडावर हैबती तिच्यापुढे येऊन उभा राहिला. "आता धरल्यावानी वाटतंय," तो म्हणाला. "पर माझ्या शब्दावर कुणाला खाली बसवू नका."

चिमाबाई उठली आणि तिने सूप लेकाच्या हातात दिले. जात्यातले रडतात नि सुपातले हसतात, आता तुमची पाळी, एवढेच बोलली म्हणे. भुजंगरावांनी पगडी उतरवली आणि ते बसले. मग तिने एकेका सभासदाकडे पाहिले. ज्यांचे हात वर गेले होते ते सगळे येऊन बसले. एकाला गुडघेदुखी आठवली. कुणी हसले नाही, तोही बसला.

पहिली पाचर निघाली, दुसरी निघाली. भुजंगरावांची बोटे खडे शोधत होती आणि सुपात वरून बारीक धूळ पडत होती. लाकूड करकरत बाजूला सरले. वर दगडांनी एकमेकांवर भार टाकला, त्याचा खोल आवाज झाला. भुजंगरावांनी डोळे मिटले.

"उघड डोळे," आईचा आवाज आला. "तानूचे उघडे होते."

त्यांनी डोळे उघडले, वर बघितले, आणि बघतच राहिले. कमान उभी होती. त्याच तांदळाचा भात तिथेच शिजला आणि पहिले पान तानूला वाढले. भाताला चुन्याची कचकच होती म्हणे. सगळ्यांनी तो मुकाट्याने खाल्ला.

आजही पांगरगावचा नवा अध्यक्ष खुर्चीवर बसण्याआधी बोडक्या डोक्याने त्या ओट्यावर बसतो आणि सूपभर तांदूळ निवडतो. खडे नीट वेचले की नाही, हे गवंड्यांच्या घरची एखादी मुलगी बघते. तिने मान हलवल्याशिवाय त्याला उठता येत नाही. आणि आजही सभेत कुणी दुसऱ्याच्या जिवावरचा ठराव मांडला, भराभर हात वर जाऊ लागले, की मागच्या बाकावरून एखादी म्हातारी शांतपणे म्हणते, "सूप आणा." मग वर गेलेले हात एकेक करून खाली येतात.