बोटाची जागा

“…आणि ते बोट माझ्याकडेच आहे, हे तुला कोणी सांगितलं?”

केळुस्कर बाईंनी हे विचारलं तेव्हा त्या बाकावर बसून पायांत पांढरे कापडी मोजे चढवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मैथिली सरनोबतला हा प्रश्न अपेक्षितच होता. उत्तर ती पुण्याहून घोकूनच निघाली होती.

तिने सगळं सांगितलं. यंत्र बनवणारी कंपनी आधी विकली गेली. विकत घेणारी पुन्हा विकली गेली. तिसरीने एक दिवस सुटे भाग बनवणंच थांबवलं आणि तसं दोन ओळींत कळवून टाकलं. मग मैथिली जगभरच्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांमागे लागली. कुणी तैवानचा, कुणी टेक्ससचा, एक तर असा की फोनवर आधी स्वतःच्या मांजरीची खुशाली सांगायचा. त्या भागाचा अकरा आकडी क्रमांक तिला झोपेतही म्हणता येत होता. नवऱ्याचा मोबाइल नंबर अजून पाठ व्हायचा होता.

“शेवटी कळलं, आपल्या कंपनीत अशी दोन यंत्रं एकाच जहाजातून आली होती. एक आमच्याकडे आहे. दुसरं…”

“दुसरं आत आहे,” बाई म्हणाल्या.

काचेपलीकडे ते उभं होतं. कंपनीची जुनी लाइन बंद झाली तेव्हा सिन्नरजवळच्या या तंत्रनिकेतनाला ते देणगी म्हणून देऊन टाकलं गेलं, आणि त्या लाइनच्या प्रमुख केळुस्कर बाई पाठराखीण म्हणून सोबत आल्या. पाठराखीण चार दिवसांत परतते. बाई परतल्याच नाहीत. मैथिली कंपनीत लागली तोवर बाईंचं नुसतं नाव उरलं होतं, तेही कुणाचं काही अडलं की निघायचं.

“तुमच्या यंत्राचं बोट तुटलं कसं?” बाईंनी विचारलं.

“मानेपाशी. आपोआप.”

“तुटलेलं आणलंस?”

मैथिलीला हा प्रश्न विचित्र वाटला. “फेकलं. तुकडे यंत्राच्या खोलीत ठेवता येत नाहीत ना, बाई. धूळ सुटते.”

“हं…”

बाईंनी दुसरा मोजा घेतला.

बोट म्हणजे वीतभर लांबीची एक चपटी, आतून पोकळ पट्टी. सिलिकॉनची चकती, जिला कारखान्यात वेफर म्हणतात, ती आरशासारखी गुळगुळीत आणि पापडासारखी नाजूक असते. ती डब्यातून हवेच्या ओढीने उचलायची, दिव्याखालच्या ताटलीवर ठेवायची, सोडायची. बोटाचं काम एवढंच. पण तेवढं थांबलं की अख्खं यंत्र हात बांधून उभं राहतं.

आणि मैथिलीचं यंत्र असं उभं राहून बरेच दिवस झाले होते. शनिवारी भंगारवाल्याचा ट्रक येणार होता. यंत्र गेलं की लाइन जाणार, लाइन गेली की तिथल्या बायका घरी बसणार. त्यांतल्या दोघींनी मैथिलीच्या हळदीला सुट्टी काढून पुऱ्या लाटल्या होत्या. मीटिंगमध्ये साहेबांनी लाइन मोडायचं म्हटलं तेव्हा मैथिलीच उठून म्हणाली होती, जगात कुठेही असलं तरी ते बोट मी आणीन. सगळे तिच्याकडे बघायला लागले होते. ते तिला आवडलंही होतं.

“व्यापाऱ्यांकडून काहीच मिळालं नाही?”

“दोन मिळाली. दोन्ही खोटी निघाली. फोटोत देखणी होती.” स्थळांचे फोटोही देखणेच असतात, हे मैथिलीला नुकतंच लग्न झाल्यामुळे ताजं ठाऊक होतं. “लावल्या लावल्या वेफर फोडायला लागली. कडेचा टवका उडायचा.”

“कुठल्या कडेचा?”

“पुढच्या.”

“दोन्ही बोटांनी पुढचाच?”

“हो. का?”

“काही नाही,” म्हणत बाई उठल्या. “टोपी घाल. चल आत.”

मैथिलीच्या पिशवीत साहेबांचं पत्र होतं. त्याखाली तिने वाटेत जुळवलेले मुद्दे होते. कॉलेजच्या यंत्रावर मुलं नुसती शिकतात, आमच्यावर माणसांची पोटं आहेत. तुम्हीही याच कंपनीचं मीठ खाल्लंय. एक मुद्दा तर असा होता की त्यावर बाई रडतील असा तिचा अंदाज होता.

एकही काढावा लागला नाही.

आत गेल्यावर बाईंनी यंत्र बंद केलं, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, दोन स्क्रू सोडवले आणि मैथिलीकडे पाठ करून बोट बाहेर घेतलं. ते त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळलं, आईने लेकीला चकल्या बांधून द्याव्यात तसं, आणि मैथिलीच्या हातात ठेवलं.

“घे.”

मैथिली बघतच राहिली. एवढ्या सहज मिळालेल्या वस्तूचं काय करायचं हे तिला कळेना. “म्हणजे… नेऊ?”

“ने की. एवढ्या लांबून आलीस.”

“पण तुमचं यंत्र?”

“आता मुलांचं प्रॅक्टिकल आहे. ते तेवढं होऊन जाऊ दे.” बाईंनी यंत्राशेजारी एक स्टूल सरकवलं. “बोट तू नेतेयस, तर आजच्या दिवस बोटाचं काम तू कर.”

मैथिलीला हसू आलं. कंपनीत तिच्या हाताखाली आठ माणसं होती. तिने यंत्राच्या आत हात घालून कितीतरी वर्षं झाली होती. खरं म्हणजे तिने तो कधी घातलाच नव्हता. पण वस्तू हातात पडली होती, आणि पडलेली वस्तू परत मागितली जाऊ नये म्हणून माणूस काय वाटेल ते करतो. तिने फडक्याची गुंडाळी खिशात ठेवली आणि स्टुलावर बसली.

बाईंनी तिला वेफर उचलायची पेनसारखी कांडी दिली. तिच्या टोकाला रबरी चकती, पाठीला नळी, अंगाला एक भोक. भोकावर बोट ठेवलं की टोक वेफर ओढून घेतं. बोट उचललं की सोडतं.

“एवढंच?” मैथिली म्हणाली.

“एवढंच.”

मुलं आली, त्यांनी यंत्राचा दिवा लावला. पहिला वेफर मैथिलीने उचलला, ताटलीवर नेला, सोडला. टिक् असा आवाज झाला. डाव्या कडेचा टवका उडाला.

बाईंनी फुटका वेफर चिमट्याने बाजूला केला आणि डबा मैथिलीकडे सरकवला.

दुसराही फुटला.

टोपीच्या आत मैथिलीचे कान तापले. तिने कांडी दोष देण्यासारखी आहे का ते उलटीपालटी करून पाहिलं. नव्हती. सासरी पहिल्यांदा भाकरी थापताना परात अशीच निर्दोष निघाली होती.

तिसरा वेफर तिने श्वास धरून नेला. या खेपेला सोडायची घाई केली नाही. वेफर ताटलीच्या जरा वर धरून ठेवला… आणि तिला दिसलं. ताटली सपाट नव्हतीच. डोळ्यांना कळावी इतकी कलली नव्हती, पण वेफरच्या आरशात वरच्या दिव्याची रेघ डावीकडे किंचित मोडत होती.

“बाई, ही ताटली डावीकडे बसलीय.”

“बसणारच. इतकी वर्षं उभी आहे.” बाई मुलांच्या वह्या बघत होत्या. “माझाही डावाच गुडघा गेलाय.”

मैथिलीने मनगट जरासं वळवलं. आधी डावी कड टेकवली, मग उजवी, मग भोकावरचं बोट हळूच उचललं. आवाज आला नाही.

पुढचाही बसला. त्यापुढचाही.

मग ती बोलायचीच थांबली. उचलायचं, न्यायचं, थांबायचं, डावं आधी, उजवं नंतर, सोडायचं. चहा आला तेव्हा तिने मान हलवून नको म्हटलं. मुलांनी आपसांत काहीतरी कुजबुज केली, बहुधा नवीन बोटाला चहा चालत नाही अशा अर्थाची, आणि खुसखुसली. तिला ते ऐकू आलं, पण हात चुकला नाही. ताटली किती कललीय हे आता बघावं लागत नव्हतं. मनगटाला ते आपसूक कळत होतं.

डबा रिकामा झाला. यंत्र बंद करून मुलं गेली.

मैथिली उठली. पाठ अवघडली होती आणि मनात कशाचा तरी ताठा होता, कशाचा ते तिला सांगता आलं नसतं. निघण्यापूर्वी एकदा नीट बघून घ्यावं म्हणून तिने खिशातली गुंडाळी काढली, फडकं सोडलं.

बोट हातावर घेतलं. उलटं केलं.

क्रमांक नव्हता.

ज्या जागी अकरा आकडे कोरलेले असायला हवे होते, तिथे कानशीचे ओरखडे होते. अंग मूळ बोटासारखं पांढरंशुभ्र चिनी मातीचं नव्हतं, कसल्याशा पिवळट, कडक प्लास्टिकचं होतं. कुणीतरी हाताने घासून बनवलेलं होतं ते.

“बाई, हे मूळ बोट नाही.”

“नाही.”

“मग मूळ कुठाय?”

“तुटलं. मानेपाशी. आपोआप.” बाई जुने वेफर डब्यात लावत होत्या. “खूप वर्षं झाली.”

एवढे व्यापारी, एवढे फोन, ती मांजर, आजची खेप… आणि जगातलं शेवटचं म्हणून जे शोधलं, ते घरीच केलेलं. तिला वाटलं, आपली थट्टा झाली. गुंडाळी मिळाल्याबरोबर निघाले असते तर हे शनिवारी कळलं असतं, ट्रकसमोर उभी असताना.

“मला दिवसभर बसवून ठेवण्यापेक्षा सकाळीच सांगायचंत,” ती म्हणाली.

बाईंनी पुढचा वेफर डब्यात लावला.

मैथिलीने रागाने ते बोट दिव्यासमोर धरलं. आणि तशीच धरून राहिली.

त्याची एक कड दुसरीपेक्षा पातळ होती. केसाएवढी. कोणती, हे बघायला तिला ते उलटवावं लागलं नाही. मनगटाने आधीच सांगितलं होतं.

तिने ते ताटलीवर धरून पाहिलं. डावं आधी… उजवं नंतर.

तिने बोट खाली घेतलं.

“बाई…”

“हं.”

“ती दोन बोटं खोटी नव्हती.”

“मी कुठे म्हटलं होतं खोटी आहेत?”

“अस्सल होती. यंत्रं नवी आली तेव्हा जशी होती, अगदी तशी.” ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती. “माझंच यंत्र तसं उरलेलं नाही. त्याची ताटली पुढे बसलीय. म्हणून पुढचा टवका.”

बाईंनी भरलेला डबा यंत्रात ठेवला.

मैथिलीने त्यांच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर मागितला. वाकून तिने ते पिवळट बोट होतं तिथे परत बसवलं, दोन्ही स्क्रू आवळले आणि यंत्र सुरू केलं. बोट डब्याकडे गेलं, ताटलीपाशी आलं, क्षणभर थांबलं, डावी कड आधी टेकवून परत फिरलं. तिला ते ओळखीचं वाटलं.

“हे इथलंच आहे,” ती म्हणाली. “माझ्याकडे नेलं तर पहिलाच वेफर फोडेल. माझं मीच बनवते. अजून तीन दिवस आहेत.”

बाईंनी कपाटातून तशाच पिवळट प्लास्टिकची एक फळी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. सोबत एक कानस.

बाहेर आल्यावर मैथिलीने दोन्ही पिशवीत घातलं. साहेबांचं पत्र चुरगळलं, तिला त्याचं काही वाटलं नाही. दाराशी जाऊन मात्र ती थबकली.

“पण माप, बाई? कंपनीचे नकाशे मिळत नाहीत. मिळाले तरी नव्या यंत्राचे असणार. तुटलेलं माझ्याच हाताने फेकलं. तुम्ही हे बोट केलंत, तेव्हा माप कुठून घेतलंत?”

केळुस्कर बाई बाकावर बसून पायांतले मोजे काढत होत्या. त्यांनी मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदाच थेट तिच्याकडे बघितलं.

“सकाळपासून तू कुणाच्या जागी बसली होतीस?”